दुमजली इमारतीसमोरचा माणूस

जयरामभाऊ एसटीतून निवृत्त झाले, पण मुरबाडच्या स्टँडवरचा माइक काही त्यांच्या घशातून निघाला नाही. सगळी नोकरी त्यांनी कंट्रोलरच्या खिडकीत बसून गाड्या पुकारण्यात काढली होती. त्यामुळे आमटीत मीठ कमी पडलं तरी ते अशा आवाजात जाहीर करायचे, की रस्त्यानं जाणाऱ्या माणसानं पिशवी उचलून उभं राहावं. शिवाय एकदा पुकारलेलं त्यांनी जन्मात कधी मागे घेतलं नव्हतं. कल्याणची गाडी त्यांनी सांगितलेल्या फलाटाला लागली नाही, तर चूक ड्रायव्हरची असायची.

निवृत्तीनंतर पुकारायला काही उरलं नाही आणि घरच्यांच्या कानांवर फारच ताण येऊ लागला, तेव्हा सून रुचितानं त्यांना एका व्हॉट्सअॅप ग्रुपात घातलं. 'आपलं जुनं मुरबाड' असं त्या ग्रुपाचं नाव. कुणीतरी गावाचा जुना फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी ती आळी कुठली, ते कौलारू घर कुणाचं, हे ओळखायचं. थोड्याच दिवसांत तिथं जयरामभाऊंचा शब्द अखेरचा मानला जाऊ लागला.

फोटो ओळखण्याची त्यांची स्वतःची रीत होती. आधी माणसं वगळायची. मग छपराचा उतार, ओट्याची उंची, पायऱ्या, विजेचा खांब, असं एकेक बघत जायचं. फोटोतली माणसं त्यांना नुसती अडचण वाटायची. 'हा छत्रीवाला नेमका पाटीसमोरच उभा राह्यला,' म्हणून ते कुरकुरायचे. आपल्यामागे जयरामभाऊंना काहीतरी वाचायचं असणार आहे, हे त्या बिचाऱ्याला तेव्हाच कळायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या बायकोचं, ताराबाईंचं, माहेर शहापूरचं. मुरबाडला रेल्वे नाही आणि शहापूरकरांना आसनगाव स्टेशन हाताशी, त्यामुळे या घरात कुणाचं गाव मोठं हा वाद लग्नापासून चालू होता आणि त्यात दोघांचाही वेळ बरा जायचा. पण जयरामभाऊंची सगळ्यात लाडकी थट्टा होती ती ताराबाईंच्या नाकाची. नाक चांगलं लांब, सरळ, आणि टोकाशी येऊन किंचित खाली वळलेलं. ताराबाईंच्या आईचं नाक बसकं, दोन्ही भावांचंही बसकं. 'हे नाक तू आणलंस कुठनं गो?' जयरामभाऊ चारचौघांत विचारायचे. 'आसनगाव स्टेशनात कुणाचं राह्यलेलं उचललंस का?' सगळे हसायचे, ताराबाईसुद्धा हसायच्या आणि 'बाबांचं असंल,' म्हणायच्या.

त्या 'असंल' म्हणायच्या, 'आहे' म्हणत नसत, कारण त्यांना माहीतच नव्हतं. त्या लहान असतानाच वडील गेले. त्यांचा एकुलता एक फोटो होता तो वाळवीनं चौकटीसकट खाल्ला. ताराबाईंना वडिलांचे हात आठवत, दोरीला गाठ मारताना बोटं कशी फिरायची ते आठवे, पण चेहरा म्हणून काही डोळ्यांपुढे येत नसे. थट्टेनंतर त्या हसत हसत आत जायच्या, आणि कधीकधी तिथं आरशात स्वतःचंच नाक बघत उभ्या राहायच्या. हे जयरामभाऊंना ठाऊक नव्हतं. ते बाहेर हशा मोजत बसलेले असायचे.

एक दिवस ग्रुपावर एक फोटो आला. कल्याणच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओत जुन्या फोटोंच्या काचेच्या निगेटिव्ह सापडल्या होत्या, त्यातला तो होता. खोक्यावर 'मुरबाड' एवढंच लिहिलेलं. फोटोत रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, माणसांची गर्दी. मागे एक दिमाखदार दुमजली इमारत. तिला महिरपी खिडक्या, नक्षीचा सज्जा, वर दोन बुरूज. आणि इमारतीच्या पुढ्यात, अगदी मधोमध, एका बाजूला तोंड करून उभा असलेला टोपीवाला माणूस. त्याचा एक हात वर आणि गळ्यात जाडजूड माळ.

आता, असली इमारत मुरबाडात होती हे कुणालाच आठवत नव्हतं. पण आठवत नाही असं म्हणणारा पहिला व्हायचीही कुणाची तयारी नव्हती. त्यामुळे सगळ्यांना भराभर आठवू लागलं. एकजण म्हणाला, तिथं कचेरी होती. लहानीबाई नावाच्या एका म्हातारीनं नातीकडून लिहवून घेतलं, की माझ्या मावशीचं बाळंतपण याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर झालं. अमोल म्हणून एक उत्साही गृहस्थ होते, त्यांचे आजोबा जुने सरपंच. त्यांनी सांगितलं की हार घातलेले ते आमचे आजोबाच, आणि हे इमारतीचं उद्घाटन चाललंय.

जयरामभाऊ गप्प होते. गाडी फलाटाला लागेपर्यंत न बोलण्याची सवय. सगळे बोलून दमल्यावर त्यांनी पुकारलं: 'सदर इमारत बाजारपेठेतली. लहानपणी मी हिच्याच जिन्यावरून पडलो होतो. डाव्या गुडघ्याला अजून खूण आहे.' आणि पुरावा म्हणून त्यांनी गुडघ्याचा फोटो टाकला. गुडघा पाहिल्यावर वाद घालायला कुणी उरलं नाही.

ते पडले होते हे खोटं नव्हतं, खूणही खरी होती. लहानपणी ते खूप ठिकाणांहून पडले होते, त्यातली एखादी जागा अशीच महिरपीची होती असं त्यांना आपलं आतून वाटत होतं. एकदा ग्रुपावर लिहिल्यानंतर तर त्यांना जिन्याच्या पायऱ्याही दिसू लागल्या.

गावातल्या वाचनालयानं जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं. तिथली ग्रंथपाल रविना हिनं हाच फोटो मोठा करून दारासमोर लावायचं नक्की केलं. खाली ओळ: 'बाजारपेठेतील दुमजली इमारतीचे उद्घाटन, माजी सरपंचांचा सत्कार.' आणि रविवारी चार शब्द बोलायला जयरामभाऊ.

त्या संध्याकाळी ताराबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. जयरामभाऊंनी कौतुकानं फोन त्यांच्यापुढे धरला. ताराबाईंनी चष्मा पुसला, फोटो पाहिला, आणि बराच वेळ पाहतच राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे आमचे बाबा नसतील?"

"कुठले?"

"हे मधले."

"तुजे बाबा शहापूरचे. त्यांचा मुरबाडात सत्कार कोण कशाला करील?"

"सत्कार कशावरनं? तो हार नसंल. बाबा घुंगुरमाळ घालायचे गळ्यात, सांगितलं नव्हतं मी?"

सांगितलं होतं. ताराबाईंचे वडील, विठू त्यांचं नाव, शहापूरला कासरे, म्होरक्या, बैलांचे साज विकायचे. जत्रेत दुकान मांडलं की गिऱ्हाईक जमवायला बैलाची घुंगुरमाळ स्वतःच्याच गळ्यात घालून हलवत उभे राहायचे. ही गोष्ट जयरामभाऊंनी लग्नाच्या पहिल्या वर्षी ऐकली होती आणि तीवर पुढची दोन वर्षं थट्टा चालवली होती.

"उद्घाटनाला घुंगुरमाळ घालून कोण येतो गो?" ते म्हणाले. "बैल?"

हे त्यांना इतकं जमल्यासारखं वाटलं, की त्यांनी ते स्वयंपाकघरातल्या रुचितालाही ओरडून ऐकवलं. ताराबाई जराशा हसल्या, फोन परत दिला आणि खडे शोधू लागल्या. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. बायको गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असं जयरामभाऊ इतकी वर्षं धरून चालले होते, तसंच ते याही वेळी चालले. पुढे रोज दुपारी ताराबाई फोनमध्ये तोच फोटो उघडून बसलेल्या दिसायच्या, तेव्हा ते मनात सुखावायचे. हिलाही आता इमारतींची गोडी लागली म्हणायची.

शुक्रवारी रविनाचा फोन आला. प्रदर्शनात बाजारपेठेचा नकाशा लावणार होते, त्यावर इमारतीच्या जागी खूण करून हवी होती. जयरामभाऊ टोपी घालून निघाले. बाजारपेठेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. कापडाच्या दुकानासमोर उभे राहिले, तर फोटोतला रस्ता दुप्पट रुंद. भांड्यांच्या दुकानासमोर उभे राहिले, तर उतार उलट बाजूला. भांडीवाला त्यांना तिसऱ्यांदा जाताना पाहून म्हणाला, "काय भाऊ, गाडी चुकली का?"

दमून ते हॉटेलात चहाला बसले. म्हटलं, निदान आपला जिना तरी सापडतो का बघू. इतक्या दिवसांत त्यांनी खिडक्या, सज्जा, बुरूज सगळं मोठं करून पाहिलं होतं. पाया पाहिला नव्हता. त्यांनी दोन बोटांनी फोटो ताणला आणि इमारतीच्या तळाशी आणला. जिना नव्हता. दरवाजाही नुसता रंगवल्यासारखा दिसत होता. आणि भिंत जिथं जमिनीला टेकायला हवी, तिथं ती टेकलेलीच नव्हती. तिच्याखालून एका शेळीचे चार पाय दिसत होते.

जयरामभाऊंनी फोन लांब धरला, जवळ धरला, चष्मा काढून पाहिलं. शेळी जागची हलली नाही. उलट तिच्या शेजारी जमिनीत ठोकलेली खुंटी दिसू लागली, खुंटीला दोरी, आणि दोरीनं ताणलेली दुमजली इमारत. तिला खालच्या बाजूनं वाऱ्यानं जराशी चूण पडली होती.

कापड होतं ते. जादूच्या खेळाच्या तंबूपुढे टांगतात तसला राजवाड्याचा पडदा. आणि असला पडदा कुठं लागतो हे मुरबाड तालुक्यातल्या शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. म्हशाची जत्रा. पौषात माळावर उभा राहणारा रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, पलीकडे बैलबाजार, आणि जत्रा उठली की सगळा रस्ता गुंडाळून गाड्यांत घालून न्यायचा. लहानपणापासून जयरामभाऊ त्या रस्त्यावर हिंडले होते, पण त्यांनी तो बाजारपेठेत शोधला. जो रस्ता आता उभाच नव्हता, तो सापडणार कुठून?

या जागी शहाण्या माणसाला आधी घुंगुरमाळ आठवली असती. जयरामभाऊंना आधी सुचला तो स्वतःचा गुडघा. सबंध ग्रुपानं तो पाहिला होता. दोनेकशे लोकांनी त्याला अंगठे दाखवले होते. आणि रविवारी तो फोटो भिंतीएवढा लागणार, म्हणजे शेळीचे पाय खऱ्या शेळीएवढे होणार. चहा तसाच टाकून ते घरी आले, आणि परसात पेरूच्या झाडाखाली जाऊन त्यांनी हळू आवाजात रविनाला फोन लावला.

"फोटोचा खालचा भाग जरा काप," ते म्हणाले. "घाण आहे थोडी."

आता जयरामभाऊंचा हळू आवाज म्हणजे दोन घरं सोडून पलीकडे ऐकू जाणारा. ते आत वळले तर मागच्या दारात ताराबाई वाळलेले कपडे घडी करत उभ्या होत्या.

"शेळी कापली का?" त्यांनी विचारलं.

जयरामभाऊ पायरीवर बसले. "तुला कवा दिसली?"

"पहिल्याच दिवशी. तुमी हातात दिलात तेवाच."

"मग बोलली का नाय?"

"तुमी जिन्यावरनं पडला होता ना," ताराबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, जिना काढून घेतला तर परत पडाल."

ताराबाईंनी हातातल्या शर्टाची घडी घातली, मग ती उलगडून पुन्हा घातली.

"ऐका," त्या म्हणाल्या. "इमारत राहू द्या तुमची. गुडघा पण राहू द्या. मी कुणाला काय सांगणार नाय. फक्त त्या माणसाखाली दुसऱ्यांच्या आजाचं नाव नका लावू. कोरं ठेवा. मला एवढ्या वर्षांनी बाबा दिसले, आन् तिथं सगळ्या गावाला सांगणार की हे दुसरेच कुणीतरी. ते मला बघवणार नाय. मी रविवारी येणार नाय."

हे त्या थट्टेत बोलत नव्हत्या. कपडे घेऊन त्या आत गेल्या. जयरामभाऊ पायरीवर बसून राहिले, आणि मग त्यांनी फोटो पुन्हा उघडला. या वेळी इमारत बाजूला सारली आणि तो माणूस मोठा केला. आजपर्यंत तो त्यांना फक्त दरवाजाच्या आड येत होता. माळेतले घुंगरू आता एकेक सुटे दिसत होते. टोपी जरा मागे सरकलेली, तोंड हाळी घालायला उघडलेलं. आणि नाक. लांब, सरळ, टोकाशी किंचित खाली वळलेलं. हे नाक ते रोज सकाळी समोरच्या चहाच्या कपावर बघत आले होते. त्याच्यावरच्या आपल्या सगळ्या थट्टा जयरामभाऊंना ओळीनं आठवल्या, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. नाक कुणाचं, असं ते बापाचा चेहरा हरवलेल्या बाईला विचारत होते.

शनिवारी सकाळी त्यांनी रविनाला परत फोन केला. "शेळी राहू दे," ते म्हणाले. "आन् खालची ओळ सगळी काढ. ती मी तोंडानं सांगतो." मग ते चुलीपाशी जाऊन म्हणाले, "उद्या तू ये. नाय आलीस तर मी बोलायला उभा राहणार नाय."

रविवारी वाचनालयात बसायला जागा नव्हती. पुढच्या रांगेत अमोल नवा सदरा घालून आले होते, त्यांच्या शेजारी मावशीच्या बाळंतपणावाल्या लहानीबाई. ताराबाई मागे दाराजवळ रुचिताबरोबर उभ्या होत्या. रविनानं माइक दिला. जयरामभाऊंनी तो सवयीनं दोनदा टिचकी मारून पाहिला, आणि समोरच्या एवढ्या तोंडांकडे बघितलं.

"श्रोत्यांनी कृपया इकडे लक्ष द्यावं," ते म्हणाले. "बाजारपेठेतली दुमजली इमारत रद्द करण्यात आलेली आहे."

लोक हसले. त्यांना वाटलं, भाऊ रंगात आले.

"ती कापडाची आहे. खाली बघा, भिंतीखालनं शेळी चाललीय. हा रस्ता मुरबाडातला नाय, म्हशाच्या जत्रेतला. ज्यांचे नातेवाईक वरच्या मजल्यावर राहत होते, त्यांनी चौकशी खिडकीशी संपर्क साधावा. जिना नव्हता. गुडघा माझाच आहे, तो जत्रेतल्या पाळण्यातनं पडून फुटला असंल. चूक माझी आहे. ड्रायव्हरची नाय."

हशा पिकला. लहानीबाई मात्र हसल्या नाहीत. मावशीचं बाळंतपण आता कुठं न्यायचं या विचारात त्या पडल्या होत्या.

"आता राह्यला हा माणूस," जयरामभाऊ म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. "गळ्यात हार नाय. बैलाची घुंगुरमाळ आहे. माणसाचं नाव विठू. शहापूरचे. म्हशाला साजाचं दुकान लावायचे. माझे सासरे."

अमोल उभे राहिले. त्यांचा आवाज भांडणाचा नव्हता, पण नवा सदरा वाया चालला होता. "भाऊ, जिन्याचंही तुम्ही असंच छातीठोक सांगितलं होतंत. हे कशावरून?"

प्रश्न रास्त होता. जयरामभाऊंनी दाराकडे पाहिलं. "तारा," ते म्हणाले, "जरा इकडं ये."

ताराबाई आल्या. गर्दीतून वाट काढत, पदर सारखा करत, फोटोपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"खिडकीकडं तोंड कर."

त्यांनी केलं. एका बाजूला भिंतीवर तोंड उघडून हाळी घालणारा विठू, आणि त्याच्या शेजारी त्याच दिशेला बघणारी त्याची म्हातारी झालेली मुलगी. सगळ्या लोकांनी आधी इकडे पाहिलं, मग तिकडे पाहिलं. अमोल खाली बसले. रुचितानं तोंडावर ओढणी धरली.

जयरामभाऊंच्या हातात माइक चालूच होता. ताराबाईंनी हळूच मान वळवून वडिलांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. त्यांचे डोळे भरले होते आणि ओठ हसत होते.

"आता सांगा," त्या म्हणाल्या. माइक जवळच होता, त्यामुळे ते सगळ्यांनाच ऐकू गेलं. "नाक कुठनं आणलं मी? आसनगाव स्टेशनातनं?"

"नाय," जयरामभाऊ म्हणाले. "बाबांकडनं."

आणि हे मात्र त्यांनी खरोखरच हळू आवाजात सांगितलं.